उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

पहिल्या सत्राच्या परीक्षेत नववीच्या वर्गास आम्ही काळ, वेग आणि अंतर या प्रकरणावर एक सोपे उदाहरण घातले होते. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून जळगावचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३२० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर पुण्याहून जळगावास जाण्यास किती वेळ लागेल? त्रैराशिक मांडता येणाऱ्या कोणाही मुलाने या उदाहरणाचे उत्तर सुमारे ३८ मिनिटे असे काढावे, आणि वर्गातील बहुतेकांनी ते तसे काढलेही. मात्र वसतिगृहात राहणाऱ्या, शिरूर तालुक्यातील इनामगावच्या एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले होते, “सव्वासहा तास.” आम्ही तांबड्या शाईने त्यावर फुली मारली, शून्य गुण दिले आणि बाजूस शेरा लिहिला, “प्रश्न नीट वाचावा.”

उत्तरपत्रिका परत दिल्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो मुलगा आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. गुण वाढवून मागण्यास आला असावा, अशी आमची समजूत झाली. त्याने गुणांचे नावही काढले नाही. त्याने वहीचे एक पान आमच्यापुढे ठेवले आणि नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, माझी आई जळगावाहून विमानानं आली. तिनं सांगितलं तसं मी मांडलंय. कुठं चुकलं ते दाखवा.” आम्ही ते पान दोनदा वाचले. चूक सापडली, पण ती त्याची नव्हती. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

त्या पानावरील हकीकत अशी. मुलाचे आजोळ जळगावास आहे. गेल्या वर्षी त्याचे आजोबा अत्यवस्थ असल्याचा निरोप सायंकाळी इनामगावास आला. विमानाने जावे, असे कोणी सुचविले. पण त्या रात्री विमान नव्हते. तेव्हा त्याच्या आईस शेजाऱ्यांनी मोटारसायकलवर बसवून दौंड स्टेशनावर नेले. घरापासून स्टेशनापर्यंत एक तास, गाडीची वाट पाहण्यात अर्धा तास, रेल्वेत सात तास आणि जळगाव स्टेशनापासून घरापर्यंत अर्धा तास, असे एकूण नऊ तास लागले. ती पोहोचली तेव्हा वडिलांनी तिला आवाजावरून ओळखले. पुढे सगळे आटोपल्यावर भावाने परतीसाठी तिला विमानाचे तिकीट काढून दिले. त्या परतीच्या प्रवासाचा हिशेब मुलाने लिहिला होता. माहेरच्या घरापासून विमानतळापर्यंत अर्धा तास, तेथे आधी पोहोचून तपासणी व प्रतीक्षा यांत दीड तास, विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत १ तास १० मिनिटे, लोहगावास सामान घेऊन बाहेर पडण्यास ३५ मिनिटे. आणि तेथून वाघोली, शिक्रापूर, न्हावरे अशा गाड्या बदलीत इनामगावच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत अडीच तास. बेरीज सव्वासहा तास. विमानास उशीर झाला नव्हता, कोणी हयगय केली नव्हती. सर्व काही ठरल्या वेळी झाले, तेव्हाची ही बेरीज आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता आमची ३८ मिनिटे कोठे गेली? त्यांचा शोध घेणे बोधप्रद आहे. विमान हे फेकलेल्या दगडाप्रमाणे जागेवरून एकदम वेग घेत नाही. ते धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते, उड्डाण केल्यावर उंची गाठेपर्यंत त्याचा वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी पुन्हा वेग कमी करावा लागतो आणि धावपट्टीच्या दिशेस वळून रांगेत यावे लागते. पुण्याचा विमानतळ मूळचा हवाईदलाचा. १९३९ साली तो ब्रिटिश हवाईदलाने उभारला, आणि आजही नागरी विमानांस हवाईदलाच्या सोयीने तेथील वेळा घ्याव्या लागतात. जवळच्या पल्ल्यावर जाणारी दोन पंख्यांची विमाने ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासचा वेग गाठतात हे खरे, परंतु ३२० किलोमीटरच्या प्रवासात तो वेग मधल्या काही मिनिटांपुरताच टिकतो. म्हणून ३८ मिनिटांचे १ तास १० मिनिटे होतात.

अंतर जितके लहान, तितकी ही तफावत अधिक. लोहगाव आणि नाशिकचा ओझर विमानतळ यांचे उदाहरण घ्यावे. नकाशावर पाहिले असता ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, म्हणजे सरळ दक्षिणोत्तर, सुमारे १७० किलोमीटर अंतरावर आहेत. आमच्या त्रैराशिकाप्रमाणे हा वीस मिनिटांचा खेळ. प्रत्यक्षात चढण्यात आणि उतरण्यातच विमानाचा बहुतेक वेळ जातो, आणि विमानात चढण्यापूर्वीचा दीड तास तर अंतर १७० किलोमीटर असो वा १,७०० किलोमीटर असो, तितकाच राहतो. ज्या प्रवासाचा मोठा भाग जमिनीवर उभे राहण्यातच जातो, त्यास उड्डाण म्हणावे की प्रतीक्षा, हा प्रश्नच आहे. असे असूनही पुणे व नाशिक यांना जोडणारा सरळ लोहमार्ग अद्याप झालेला नाही, हीही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

मुलाच्या पानावर खाली त्याने स्वतः काढलेली एक आकृती होती, आणि तिने आम्हांस अधिकच विचारात पाडले. नकाशावर पट्टी ठेवून त्याने तीन अंतरे मोजली होती. इनामगाव ते लोहगाव सरळ पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटर, लोहगाव ते जळगाव सुमारे ३२० किलोमीटर, आणि इनामगाव ते जळगाव सुमारे २८५ किलोमीटर. आम्ही पुन्हा पट्टी लावून पाहिली. त्याचे मोजमाप बरोबर होते. याचा अर्थ असा की, जळगावास जाण्यासाठी इनामगावचा मनुष्य विमानतळाकडे निघाला म्हणजे ६५ किलोमीटर उलट दिशेस जातो आणि तेथे पोहोचतो तेव्हा घरी होता त्यापेक्षा जळगावापासून ३५ किलोमीटर दूर गेलेला असतो. त्यानंतर विमान त्यास उचलते. उलट दौंड येथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग, जो १८७८ साली खुला झाला, तो त्याच्या गावाच्या बाजूने त्याच्या इष्ट दिशेसच निघतो. पुण्याहून दौंड, अहिल्यानगर, मनमाड या मार्गाने जळगाव सुमारे ४७० किलोमीटर भरते, म्हणून पुणेकरास तो फेरा वाटतो. इनामगावकरास तो फेरा नव्हे, ती त्याची वाट आहे. एकच मार्ग एकास लांबचा आणि दुसऱ्यास जवळचा असतो. कारण अंतर दोन स्टेशनांमधले नसते, दोन उंबऱ्यांमधले असते.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती असे दिसते. कोस हे माप जमिनीचे असले, तरी प्रवासाची गणती ते मजलांनी करीत. मजल म्हणजे एका दिवसात माणूस आणि त्याचे बैल जितकी वाट चालून मुक्कामास पोहोचतील तितकी. घाटात ती आखूड होई, मैदानात लांब. पावसाळ्यात आखूड, उन्हाळ्याच्या चांदण्यात लांब. किलोमीटर हा जमिनीची लांबी सांगतो. मजल प्रवाशाचे कष्ट सांगत असे. आज आपण अधिक अचूक झालो आहो यात शंका नाही. परंतु त्या अचूकपणात प्रवाशाचीच गणती करावयाची राहिली, तर तो अचूकपणा काय कामाचा?

इनामगाव हे या विचारास योग्य स्थळ आहे. घोड नदीच्या काठी वसलेल्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याची साठवण, रंगीत मडकी व घराच्या जमिनीखाली पुरलेली बालके उजेडात आणली. तेथे सापडलेल्या वस्तूंत समुद्राच्या शंखांच्याही वस्तू आहेत. इनामगावापासून समुद्र सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री. तो शंख एका माणसाने एका दमात आणला असेल असे नाही. तो हातोहात, गावोगाव फिरत आला असावा. मार्ग कितीही लांब असो, त्यातील प्रत्येक टप्पा दुसऱ्याशी जोडलेला होता, म्हणूनच तो शंख या काठापर्यंत पोहोचला. टप्प्यांपैकी एक जरी तुटला असता, तरी बाकीचे वेगवान असून उपयोग नव्हता.

आपल्या देशातील विमानवाहतुकीचा आरंभही या नियमास अनुसरूनच झाला. १९३२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपालाच्या थैल्या विमानाने आणल्या. ते पत्र जुहूस उतरले म्हणून त्याचे काम संपले नाही. तेथून पुढे रेल्वे, टपालाची मोटार, आणि शेवटी पायी चालणारा टपालवाला यांनी त्यास घराच्या दारापर्यंत नेले. पत्रास जो मान त्या काळी मिळाला, तो आज माणसास मिळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. कोणी म्हणेल, हा मास्तर नव्या गोष्टींचा वैरी दिसतो. आगगाडी आली तेव्हाही असेच लोक बैलगाडीचे गुण गात होते. हा आरोप आम्ही स्वीकारीत नाही. हवाई चप्पल घालणाऱ्यासही विमानात बसता यावे, या उद्देशाने सरकारने २०१६ साली उडान योजना जाहीर केली. सुमारे तासाभराच्या उड्डाणास, म्हणजे जवळपास ५०० किलोमीटरच्या पल्ल्यास, निम्म्या जागांपुरते २,५०० रुपये भाडे त्या वेळी ठरविण्यात आले, आणि २०१७ सालच्या एप्रिलमध्ये ज्या पहिल्या मार्गांस आरंभ झाला त्यांत नांदेड-हैदराबाद हाही होता. हा उद्देश उदात्त आहे. नांदेडच्या व्यापाऱ्यास, जळगावच्या रुग्णास, परगावी नोकरीस असलेल्या मुलास त्याचा लाभ होतो. त्या विद्यार्थ्याची आईही पावणेतीन तास लवकर घरी पोहोचली, आणि दुःखाने थकलेल्या बाईस पावणेतीन तास थोडे नव्हेत. हे सर्व आम्हांस मान्य आहे.

परंतु हिशेब हिशेबासारखा व्हावा. आमच्या उदाहरणाप्रमाणे ३८ मिनिटे आणि रेल्वेचे ७ तास यांची तुलना केली, तर विमान अकरापट वेगवान ठरते. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजले, तर नऊ तास आणि सव्वासहा तास यांची तुलना होते, आणि विमान दीडपटही वेगवान ठरत नाही. अकरापट आणि दीडपट यांमधील जी तफावत, ती कोणी चोरलेली नाही. ती आमच्यासारख्या उदाहरण घालणाऱ्यांनी कागदावर निर्माण केली आहे. मग सार्वजनिक पैसा खर्च करणारेही त्याच कागदावर विश्वास ठेवून निर्णय घेतात, आणि पाहिजे त्या ठिकाणी पैसा पोहोचत नाही.

याचे एक साधे प्रमाण देतो. समजा, उद्या कोणी शास्त्रज्ञाने या विमानाचा वेग दुप्पट केला. आमची ३८ मिनिटे १९ होतील. म्हणजे त्या बाईचे फार तर १९ मिनिटे वाचतील. आता समजा, वेग आहे तसाच राहिला, पण लोहगावाहून शिक्रापूर, न्हावरे मार्गे तिच्या गावाकडे जाणारी एक साधी मोटारगाडी विमानाच्या वेळेशी जुळवून सुटू लागली. गाड्या बदलण्यात आणि रस्त्याच्या कडेस उभे राहण्यात गेलेला तासभर तिचा सहज वाचेल. विमानाचा वेग दुप्पट करण्यास लागणारी विद्या आणि संपत्ती यांचा अंदाज करणेही कठीण. मोटारगाडीचे वेळापत्रक बदलण्यास एक कागद आणि एक सही पुरते. तरीही पहिल्या गोष्टीवर आपण टाळ्या वाजवू, आणि दुसरीची बातमीही होणार नाही. १९४८ सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर या मार्गावर, म्हणजे याच शिक्रापूर-शिरूरच्या रस्त्याने धावली. हा रस्ता विमानांहून कमी अभिमानास्पद आहे असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा विचार सातत्याचा. जळगावच्या विमानतळावरून २०१७ सालच्या डिसेंबरात उडान योजनेखाली विमान सुटू लागले, ते पुढे थांबले. २०१९ साली पुन्हा आरंभ झाला, तोही टिकला नाही. २०२४ साली पुन्हा सेवा सुरू होऊन पुणे व जळगाव ही शहरे हवाईमार्गाने जोडली गेली. अशा मार्गांत धोका असतो, तोटा असतो, हे आम्ही जाणतो, आणि कोणास दोष देत नाही. परंतु आजारी बापाचा निरोप वेळापत्रक पाहून येत नाही. ज्या वाहनावर गरिबाने भरवसा ठेवावा, ते आज आहे आणि उद्या नाही असे असून चालत नाही. त्या रात्री त्या लेकीस बापाजवळ नेले ते सर्वांत वेगवान वाहनाने नव्हे. जे त्या घटकेस हजर होते, त्याने नेले.

येथे आम्हांस प्रभू येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर तिघेजण एकाच जखमी माणसाजवळून गेले. पावलांनी मोजले असते, तर तिघांचेही त्याच्यापासूनचे अंतर सारखेच भरले असते. पण याजक आणि लेवी हे त्याच्यापासून फार दूर होते, आणि जवळ आला तो एक परका. शिवाय शोमरोनी जखमा बांधून तेथेच थांबला नाही. त्याने त्या माणसास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेले आणि पुढच्या खर्चाचीही तजवीज केली. शेवटच्या टप्प्यापर्यंत नेणे हा त्याच्या दयेचाच भाग होता. लोककल्याणाच्या योजना आखणारांनी या दृष्टांताचा हा उत्तरार्ध अवश्य ध्यानी घ्यावा असे आम्हांस वाटते.

मग करावे काय? आमचे मत थोडक्यात असे. कोठेही नव्या विमानमार्गाची घोषणा होईल तेव्हा दोन विमानतळांमधील वेळेबरोबर, त्या जिल्ह्यातील लांबच्या चार गावांपासून लागणारा वेळही छापावा. विमानतळाची धावपट्टी जशी योजनेचा भाग, तशी तेथून तालुक्याच्या गावास जाणारी मोटारगाडीही योजनेचाच भाग मानावी. आणि जुन्या लोहमार्गावरील ज्या गाड्या रात्री-अपरात्री खेड्यातील माणसास उचलून नेतात, त्यांची किंमत विमानाच्या झगमगाटात कमी करू नये. यांत एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

राहता राहिले आमचे स्वतःचे प्रायश्चित्त. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात ते उदाहरण फळ्यावर पुन्हा लिहिले आणि सांगितले की, त्रैराशिकाचे उत्तर ३८ मिनिटे हे बरोबरच आहे, कारण भागाकारात चूक नाही. परंतु “पुण्याहून जळगावास जाण्यास किती वेळ लागेल” असे विचारून आम्ही एका विमानतळाची दुसऱ्या विमानतळाशी नव्हे, तर एका गावाची दुसऱ्या गावाशी गाठ घातली होती. त्या प्रश्नास सव्वासहा तास हेही उत्तर होते. त्या मुलाचे गुण आम्ही त्यास दिले, आणि “प्रश्न नीट वाचावा” या शेऱ्यातील शेवटचा शब्द खोडून “विचारावा” असा केला. तो उपदेश आता आम्हांस उद्देशून आहे. वर्ग हसला, तोही हसला. जाता जाता त्यास विचारले, “तुझ्या आईस विमान कसे वाटले?” तो म्हणाला, “आई म्हणती, विमान लई चांगलं हाय, पर ते आपल्या गावाला येत न्हाई.”

विद्यार्थिमित्रहो, सुटीत घरी जाल तेव्हा एक काम करा. आपल्या घराच्या उंबऱ्यापासून जवळच्या रेल्वे स्टेशनापर्यंत, सरकारी दवाखान्यापर्यंत आणि विमानतळापर्यंत लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, आणि मध्ये कोठे व किती थांबावे लागले तेही लिहा. सत्र सुरू होताच ती वही आमच्याकडे आणून द्या. पुढील परीक्षेत याच अंतरांवर उदाहरणे घालण्याचा आमचा विचार आहे, आणि त्यांची उत्तरे तपासताना तांबडी शाई आम्ही जरा जपून वापरू.